वाल्देनिएब्लाचे ऐकणारे

स्पेनच्या उत्तरेला, सांतियागोकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जुन्या वाटेवर, वाल्देनिएब्ला नावाचे डोंगरातले एक गाव आहे. गाव म्हणजे वीस-बावीस घरे, मेंढ्यांचे वाडे आणि वरच्या अंगाला एक ठेंगणे चर्च. त्याच्या भिंती दोन हात जाड आहेत, खिडक्या फटीएवढ्या आणि कमानी अर्ध्या चाकासारख्या गोल. आठ-नऊशे वर्षांपूर्वी या वाटेवर अशी चर्चे जागोजागी उभी राहिली. तेव्हा वाचता येणारी माणसे थोडी होती, म्हणून जे सांगायचे ते दारावर कोरायचे अशी रीत होती.

यात्रेकरू इथे दारातल्या कमानीखाली पाठीवरचे ओझे उतरवतात. मान वर केली की डाव्या हाताच्या खांबाच्या माथ्यावर तीन माणसे दिसतात. मधे एक बाई आहे. तिच्या छातीवर घंटा आहे आणि दोन्ही हातांनी तिने दोरी घट्ट धरली आहे. तिच्या दोन बाजूंना दोन माणसे आहेत, अंगाने काटकुळी आणि बाईपेक्षा बरीच आत, जणू कुणी त्यांना दगडात मागे ढकलले आहे. त्यांचे कान मात्र बशीएवढे आहेत. बाकीच्या खांबांवरचे सिंह, पक्षी, द्राक्षाचे वेल घोटून गुळगुळीत केलेले. या एका माथ्यावर टाकीचे घाव तसेच उघडे राहिले आहेत.

चर्चची किल्ली एलोय नावाच्या म्हाताऱ्याकडे असते. पूर्वी तो मेंढ्या राखायचा. या तिघांविषयी कुणी विचारले की तो आधी विचारणाऱ्याच्या बुटांकडे बघतो आणि म्हणतो, “घाईत आहात का? घाईत असाल तर सिंह बघा आणि निघा.”

जे थांबतात त्यांना तो दगडी बाकावर बसवतो आणि सांगतो. तो सांगतो ती हकीकत अशी.

त्या काळी खिंडीत धुके उतरले की हातातली काठी दिसत नसे. वाटेच्या एका बाजूला कडा होता. म्हणून चर्चच्या मनोऱ्यात एक मोठी घंटा टांगली होती आणि धुके किंवा बर्फ सुरू झाले की ती वाजवत राहायची. आवाज समोरून आला तर वाट बरोबर, बाजूला गेला तर थांबायचे, एवढे यात्रेकरूंना खालच्या गावातच सांगत. घंटेची दोरी तोदा नावाच्या विधवेच्या हाती होती. तिच्या आधी तिच्या नवऱ्याच्या हाती होती. बाई उंच, हाडापेराने मोठी आणि तोंडाने फटकळ. थंडीत दोन घोट जास्त घ्यायची, हेही सगळ्यांना माहीत होते.

त्या वर्षी चर्चचे दार आणि मनोऱ्याचा वरचा भाग नव्याने बांधायचे काम चालले होते. कामावर फोर्तुन नावाचा पाथरवट मुख्य होता. तो परगावचा होता, पस्तिशीच्या आतला, कमी बोलणारा. दगडाकडे बघत बसला की त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे, असे सांगतात. थंडी लवकर आली. मनोऱ्याच्या झरोक्यांभोवतीचा चुना ओला होता आणि ओल्या चुन्यात हिम शिरले की भिंत भुगा होऊन पडते. म्हणून फोर्तुनने सगळ्या पाथरवटांची जुनी रीत केली. भिंतींच्या माथ्यावर आणि चारी झरोक्यांत पेंढ्याच्या जुड्या ठासून बसवल्या, वरून शेणामातीचा लेप दिला. आपला सोबती मुन्यो याला त्याने दोनदा वर पाठवून फटी बुजवून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी बर्फाचे वादळ आले. खिंडीत सात यात्रेकरू मेले. आठवा तेवढा सरपटत गावात पोचला. तो तुलूझकडचा फण्या विकणारा होता. मेलेल्यांत त्याचा धाकटा भाऊ होता.

मेलेल्यांना चर्चमध्ये आणले तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, “आम्ही कडेला उभे राहून कान देऊन ऐकत होतो. भाऊ म्हणत होता, थांब, आता वाजेल. वाजलीच नाही.”

तोदा पुढे आली. तिच्या तळहातांची साले निघाली होती. “सकाळपासून अंधार पडेपर्यंत मी दोरी सोडली नाही,” ती म्हणाली. “माझे कान फुटायची वेळ आली होती. कधी नव्हे इतकी मोठी वाजत होती.”

“मोठी?” लोहाराची बायको म्हणाली. “अगं, आमचं घर मनोऱ्याला लागून. आम्हाला नुसतं थडथड ऐकू येत होतं, कुणी पेंगत पेंगत गादी झोडपावी तसं.”

“गादी नव्हे, पिंप,” मागून कुणीतरी म्हणाले. “पिंपावर डोकं आपटत असेल.”

सात प्रेते समोर होती, तरी दोघे-तिघे हसले. एलोय म्हणतो, त्या हसण्याची लाज गावाला अजून आहे.

चर्चला लागून असलेल्या मठाचे प्रमुख फादर विदाल यांनी तोदाच्या हातून दोरी काढून घेतली. सात जणांच्या शोकात ईस्टरपर्यंत घंटा मुकी राहील, असे त्यांनी सांगितले. खिंड तशीही बर्फाने बंद झाली होती, त्यामुळे घंटेवाचून कुणाचे अडले नाही. तोदाचे मात्र सगळेच अडले. तिला कुणी चुलीतला विस्तव देईना, कुणी तिच्या शेजारी प्रार्थनेला उभे राहीना. गावाबाहेरच्या मेंढ्यांच्या मोकळ्या वाड्यात ती राहू लागली. तिथेच तिला खोकला जडला.

हिवाळ्यात बांधकाम बंद असते. पाथरवट पडवीत बसून दगड कोरतात आणि वसंतात ते जागेवर चढवतात. फादर विदाल पडवीत आले आणि फोर्तुनला म्हणाले, “डाव्या खांबावर ती बाई कोर. नरकातली. लोभी माणसाच्या गळ्यात थैली दाखवतात ना, तशी हिच्या गळ्यात घंटा. ज्यांच्यावर दुसऱ्यांचा जीव अवलंबून आहे त्यांनी आत येताना ते बघावं.”

फोर्तुनने विचारले नाही. काम सांगितले की ते कसे करायचे एवढेच तो विचारात घेत असे. त्याने तोदाला कोरले. गळ्याभोवती दोरी, दोरीला लटकलेली घंटा, आणि गळा आवळू नये म्हणून दोरीत अडकवलेली तिची दोन्ही हातांची बोटे. दोरीची दोन टोके दोन सैतान ओढत होते. सैतानांना त्याने शिंगे दिली, पंख दिले, सुटलेली पोटे दिली, वटवाघळासारखे कान दिले. पण सगळा जीव त्याने बाईच्या चेहऱ्यात ओतला. इतके जिवंत तोंड त्याच्या हातून आजवर उतरले नव्हते. ते त्याचे त्यालाही कळले होते आणि तो आतल्या आत खूश होता.

मार्चमध्ये दगड खांबावर चढला आणि त्यावर कमान बसली. दारावर जे कोरले ते वर स्वर्गात ठरलेच, अशी त्या लोकांची पक्की समजूत होती. तोदा एका सकाळी वाड्यातून आली आणि कमानीखाली उभी राहून बराच वेळ बघत राहिली. फोर्तुन परांचीवर उभा राहून सांधे भरत होता.

“माझं नाक चांगलं काढलंस,” ती म्हणाली. “माझ्या आईचंही असंच होतं.”

फोर्तुनने हातातली थापी थांबवली.

“एक सांग, बाबा. हे पुसता येतं का?”

“दगड आहे, मावशी,” फोर्तुन म्हणाला. “दगडातून काढता येतं. घालता येत नाही. आणि आता याच्यावर कमान आहे.”

“असं होय,” ती म्हणाली आणि खोकत खोकत निघून गेली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी चुना वाळला म्हणून मुन्योने झरोक्यांतला पेंढा काढला. दुसऱ्या सकाळी एका तरुण साधूने पाच महिन्यांनी दोरी ओढली. पहिल्याच ठोक्याला ओढ्यावर धुणाऱ्या बायका दचकून उभ्या राहिल्या. छपरावरची पाखरे उडाली. “केवढा हिचा आवाज, विसरूनच गेलो होतो!” असे लोक म्हणू लागले. फोर्तुन अंगणात उभा होता. त्याच्या पायाशी काढलेल्या पेंढ्याचा ढीग होता, शेणामातीने कडक झालेला, प्रत्येक जुडी झरोक्याच्या आकाराची. तो खाली वाकला आणि त्याने एक जुडी उचलली. मग ती हातात धरून तो तिथेच बसला, म्हणे, आणि प्रार्थना सुरू झाली तरी आत गेला नाही.

वादळाच्या दिवशी आत मनोऱ्यात कोंडलेली घंटा वाजवणाऱ्याच्या कानात फुटत होती. बाहेर थडथड. वर खिंडीत काहीच नाही. बाई खरे बोलत होती, लोहाराची बायको खरे बोलत होती आणि फण्या विकणाराही खरे बोलत होता. भिंत वाचवायला फोर्तुनने माणसे मारली होती, आणि वर त्या बाईला आपल्या हाताने नरकात नेऊन बसवले होते.

तो फादर विदालांकडे गेला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“तू हे कुणाला सांगितलंस का?”

“नाही.”

“मग सांगू नकोस. त्या बाईला लोक आज ना उद्या विसरतील. पण देवाच्या घराच्या कामाने सात यात्रेकरू मेले असं झालं, तर या दारातून आत कोण येईल?”

“फादर, ती दारावर आहे. विसरतील कसे?”

फोर्तुन उठला आणि तिथून थेट मेंढ्यांच्या वाड्याकडे गेला.

तोदा भिंतीला टेकून उन्हात बसली होती. त्याने सगळे सांगितले. ती ओरडेल, दगड फेकून मारेल असे त्याला वाटले होते. तसे झाले असते तर त्याला बरे वाटले असते. ती फक्त आपले तळहात उलटेपालटे करून बघत राहिली.

“मला वाटायला लागलं होतं की मी खरंच झोपले असेन,” ती शेवटी म्हणाली. “सगळं गाव सांगतंय म्हटल्यावर आपण तरी कोण मोठे. मी कबुलीही देऊन आले फादरांकडे. झोपले होते म्हणून.” मग तिने त्याच्याकडे पाहिले. “पण हे तू मला सांगून काय उपयोग, पोरा? मला माफी नको तुझी. त्या सात जणांना ऐकू येत नव्हतं हे गावाला ऐकव.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर फोर्तुन सर्वांसमोर उभा राहिला. त्याने पेंढ्याची जुडी वर धरली आणि म्हणाला, “वादळात झरोके मी बुजवले होते. पुन्हा बुजवतो. तुम्ही सगळे वर खिंडीत चला, जिथे ते सात जण मेले तिथे. तोदामावशी घंटा वाजवेल. ऐकू आली तर मला या मनोऱ्यावरून खाली ढकला.”

आता विदालांना नाही म्हणता येईना. काठी घेऊन तेही निघाले.

दिवस स्वच्छ होता, वारा अजिबात नव्हता. झरोके पुन्हा बुजवून मुन्यो मनोऱ्यात वर थांबला. वर पोचल्यावर शेकोटीचा धूर करू, आणि धूर दिसला की पेंढा काढून टाक, असे त्याच्याशी ठरले. तोदाला दोन बायकांनी आधार देऊन आणले होते. दुसऱ्या कुणाला दोरी देऊ म्हटले तर ती ऐकेना.

“कुठवर वाजवू?” तिने विचारले.

“आम्ही परत येईपर्यंत,” फोर्तुन म्हणाला. त्याच्या डोक्यात पेंढा होता, धूर होता, फादर होते. घाईत तो एवढेच बोलला आणि निघाला.

लोक वर पोचले. कड्यापाशी सात लाकडी क्रूस होते. खाली चर्च तळहातावर ठेवल्यासारखे दिसत होते. घंटा वाजत होती हे त्यांना ठाऊक होते, कारण दोरी ओढायला त्यांनी तोदाला दारातून सुरुवात करताना पाहिले होते. पण ऐकू काहीच येत नव्हते. मेंढ्यांच्या गळ्यातली घुंगरे ऐकू येत होती. कुणाच्या तरी तान्ह्या मुलाचा श्वास ऐकू येत होता. लोहाराची बायको पुढे कड्यापर्यंत गेली, कानामागे हात धरून उभी राहिली, आणि मग तिने तो हात तोंडावर ठेवला.

फोर्तुनने शेकोटी पेटवली. धूर वर गेला. थोड्या वेळाने मनोऱ्याच्या झरोक्यांतून पेंढ्याचे पुंजके खाली पडताना दिसले, आणि एकाएकी घंटेचा आवाज डोंगर चढून आला. असा आला की ज्याच्या त्याच्या छातीवर येऊन आदळला. सात माणसांना जो आवाज हवा होता तो हाच.

लोक गुडघ्यांवर बसले. बायका रडू लागल्या. फादर विदाल यांनी डोक्यावरचे वस्त्र काढले आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना सुरू केली. सात जणांची सात नावे होती, आणि त्या दिवशी त्यांना एकाही नावाशी घाई करता आली नाही. खालून घंटा वाजत होती. ती वाजते आहे हे आता सगळ्यांना ऐकू येत होते आणि त्यातच त्यांचे समाधान होते. खाली जाऊन तिला हे सांगावे, कुणीतरी धावत जावे, किमान कड्यावरून हाक मारावी, हे एवढ्या गावात एकालाही सुचले नाही. फोर्तुनलाही नाही.

पाचवे नाव चालू असताना घंटेचे ठोके लांबले. मग एक पडला. बऱ्याच वेळाने आणखी एक. मग नाहीच.

फोर्तुन उतारावरून धावत सुटला.

तो पोचला तेव्हा मुन्यो तोदाचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. दोरीचे टोक तिच्या मनगटाभोवती गुंडाळलेले होते. बाई गेली होती. मुन्योचे कान घंटेने बधिर झाले होते, त्यामुळे तो ओरडून बोलत होता.

“घंटा थांबली तसा मी खाली आलो! जीव होता अजून! मला म्हणाली, त्यांना ऐकू आली का रे?”

“मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार! मी तर इथेच होतो! म्हटलं, मला काय ठाऊक, मावशी!”

मुन्यो भला माणूस होता. त्याला ठाऊक नव्हते ते त्याने सांगितले नाही. पण तोदाने शेवटी ऐकले ते एवढेच.

तिला दारातल्या कमानीखाली, त्या खांबाच्या पायाशी पुरले. जागा फादर विदाल यांनी स्वतः दाखवली. नंतर ते फोर्तुनला म्हणाले, “दगड काढ तिथून.” पण दगड काढला तर कमान कोसळणार होती. मग फोर्तुन टाकी-हातोडा घेऊन परांचीवर चढला. दगडात घालता येत नाही, काढता येते. त्याने सैतानांची शिंगे काढली. पंख काढले, सुळे काढले, सुटलेली पोटे तासून काढली. सैतान माणसापेक्षा मोठा कोरतात, त्यामुळे त्याच्या आत माणसाएवढा दगड उरतोच, असे एलोय सांगतो. बाईच्या गळ्यावरची दोरी त्याने कापून टाकली, तेव्हा गळा वाचवणारे तिचे हात दोरी धरणारे हात झाले. शेवटी सैतानांचे कान उरले. तेही तासायला त्याने टाकी लावली, आणि मग काय वाटले कुणास ठाऊक, त्याने ती खाली ठेवली. दगड त्याने घोटला नाही. त्यानंतर त्याने कधी काही कोरलेही नाही.

पहिले धुके सप्टेंबरात उतरले. दोरी नव्या माणसाकडे होती. त्याने वाजवायला सुरुवात केली तसा फोर्तुन काठी टेकत वर खिंडीकडे निघाला. कुणी सांगितले नव्हते. कड्यापाशी पोचून तो थांबला, ऐकले, आणि सगळा जीव एकवटून खाली ओरडला, “ऐकू येते!” थोड्या वेळाने खालच्या अंगाने, ओढ्याच्या पुलावरून, दुसरा आवाज आला. तो लोहाराच्या बायकोचा होता.

आता तिथून पक्का रस्ता गेला आहे. यात्रेकरूंच्या खिशात फोन असतात, वाट चुकायची सोय राहिलेली नाही. तरी आजही वाल्देनिएब्लात धुके उतरले की घंटा वाजते आणि ज्यांची पाळी असेल त्या दोन घरांतली दोन माणसे घर सोडतात. एक कड्याकडे जातो, एक पुलाकडे. दोघांच्या हाका आल्याशिवाय वाजवणाऱ्याने दोरी सोडायची नाही, एवढा एकच नियम आहे.

गेल्या ऑक्टोबरात दोरीवर एलोयची सून होती. कड्यावरून हाक लगेच आली, पुलावरून येईना. तिकडे गेलेल्या माणसाचा पाय मुरगळला होता आणि तो धुक्यात वाटेतच बसून राहिला होता. घरात दूध चुलीवर होते. दोघा-तिघांनी तिला म्हटले, पुरे आता, आम्हाला ऐकू येते आहे की. तिने मान हलवली आणि ती वाजवत राहिली. तास झाला, दीड तास झाला. शेवटी ओढ्याच्या बाजूने, अगदी बारीक, हाक आली. तिने एक ठोका परत दिला, दोरी सोडली आणि तिथेच पायरीवर बसून ती रडली.